भरतीच्या भरवशाचे मुक्काम : ठाणे ते पनवेल, तीन दिवस

खाडीकाठची जुनी धर्मशाळा शोधायला निघालेला माणूस बहुतेक वेळा चुकीच्या जागी जातो. पाणी छान दिसतंय, वारा येतोय, समोर पारसिकचा डोंगर आहे, म्हणजे उतारू इथेच टेकत असणार, असं त्याला वाटतं. शिडाच्या होडीच्या काळात देखावा बघून कुणी मुक्काम करत नसे. होडी जिथे पाण्याअभावी खोळंबायची, तिथून वर चढून जिथे विहिरीला गोडं पाणी लागायचं, तिथे मुक्काम. या दोन अटी ध्यानात ठेवल्या की ठाण्यापासून पनवेलपर्यंतच्या काठावर कुठे काय असणार याचा अंदाज नकाशा न उघडताही बांधता येतो. हा तीन दिवसांचा फेरा त्याच अंदाजाने आखला आहे.

निघायचा दिवस वार पाहून ठरवू नका, तिथी पाहून ठरवा. कोकणकिनाऱ्यावरचा जुना हिशोब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. दुसऱ्या दिवशी सगळं सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे. हिशोब ढोबळ आहे. पौर्णिमा-अमावास्येकडे जाता जाता तो पाऊण तास तरी मागे पडतो, शिवाय मुंबई बंदरात चढलेलं पाणी ठाण्याच्या किंवा पनवेलच्या टोकाला पोचायला आणखी वेळ घेतं. म्हणून द्वादशीला हिशोब नऊ म्हणतो, आणि ठाण्यात पाणी भरायला दहा-साडेदहा होतात. छापील कोष्टक जवळ असू द्या, पण ते मुंबईचं आहे हे विसरू नका.

माघातली किंवा फाल्गुनातली शुद्ध द्वादशी, त्रयोदशी आणि चतुर्दशी या फेऱ्याला सर्वांत सोयीची. तिन्ही दिवशी भरती सकाळी उशिरा आणि ओहोटी उन्हं उतरताना, म्हणजे भरलेली आणि रिकामी अशी दोन्ही खाडी दिवसाउजेडी पाहायला मिळते. हवा कोरडी, फ्लेमिंगो आलेले. अष्टमीच्या आसपास निघालात तर भांगाची भरती पदरात पडेल: पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, आणि कुठला दगड कशासाठी ठेवला होता ते काही केल्या उमगत नाही. बरोबर जाड तळाचे बूट, दोन लिटर पाणी, विहिरीत डोकावायला बॅटरी आणि पाच मीटरची मोजपट्टी घ्या.

पहिला दिवस : ठाणे

सकाळी आठला ठाणे पूर्वेला उतरून मीठबंदर रोडने खाडीकडे. नावात बंदर आणि वाटभर इमारती, हे आता ठाण्यात सवयीचं झालं आहे. चेंदणी कोळीवाड्याच्या गल्ल्या मात्र अजून सांगतात की पाणी कुठल्या बाजूला आहे. गावाच्या गल्ल्या रस्त्याला जाऊन मिळतात, कोळीवाड्याच्या खाडीला.

पाणी चढत असतानाच काठावरची एखादी जुनी भिंत, पुलाचा पाया किंवा धक्क्याचा दगड जवळून पाहा. खालच्या भागाला कालवं चिकटलेली असतात, पांढुरकी, कडा धारदार. एका रेषेशी ती संपतात. तिच्यावर शेवाळाचा काळपट पट्टा, आणि त्यावर कोरडा दगड. कालवं रोज बुडणाऱ्या दगडावरच तगतात, म्हणून ती जिथे संपतात ती रोजच्या भरतीची हद्द धरायला हरकत नाही. काळ्या पट्ट्याचा माथा ही उधाणाची, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीची हद्द. या दोन रेषांमधलं अंतर मोजून वहीत टिपा, पुढचे दोन दिवस ते उपयोगी पडतं. जोतं काळ्या पट्ट्याच्या माथ्यावर निदान हातभर हवं, हे जुन्या गवंड्याला कुठल्याही यंत्रावाचून कळत होतं. बोटांनी चाचपू नका, कालव कापतं आणि जखम लवकर भरत नाही.

ठाण्यातला लिहून ठेवलेला फार जुना मुक्काम १३२१ चा आहे. होर्मुझहून कोल्लमला निघालेले चार फ्रान्सिस्कन साधू वाऱ्यामुळे भलतीकडे आले आणि ठाण्याला लागले. इथे नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती, असं थोड्याच काळाने इथे आलेल्या ओडोरिक या प्रवाशाने लिहून ठेवलं आहे. त्यातल्या एका घरी हे चौघे उतरले. घरातल्या नवराबायकोचं भांडण झालं, ते काझीपर्यंत गेलं, साक्षीसाठी पाहुण्यांची नावं निघाली, तिथून बोलणं धर्मावर घसरलं आणि चौघेही मारले गेले. ओडोरिक पुढे त्यांच्या अस्थी घेऊन चीनला गेला. मुक्कामाच्या इतिहासासाठी यातली पंधरा घरं महत्त्वाची. बंदराच्या गावात परका माणूस आधी आपल्या धर्माचं, जातीचं किंवा धंद्याचं घर शोधायचा. सगळ्यांसाठी म्हणून उभी केलेली वास्तू ही नंतरची गोष्ट, आणि ‘सगळ्यांसाठी’ या शब्दाचा खरा अर्थ उद्या विहिरीपाशी कळेल.

भरती पाहून झाली की पूल ओलांडून पश्चिमेला. जांभळी नाक्यापर्यंत पायी पंधरा-वीस मिनिटं, गर्दी असेल तर जास्त. कोपिनेश्वराचं मूळ देऊळ शिलाहारांच्या काळातलं मानतात; जीर्णोद्धार सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी १७६० मध्ये केला. शेजारी मासुंदा तलाव. देऊळ आणि गोडं पाणी एकत्र आलं की उतारूची सोय आपोआप होते, कारण देवळाच्या ओवऱ्या हीच गावोगावची पहिली धर्मशाळा. पुढे वेगळी धर्मशाळा बांधतानाही नकाशा ओवरीचाच राहिला: काळ्या दगडाचं दोन-तीन फूट जोतं, मागे आणि दोन्ही बाजूंना भिंत, पुढची बाजू उघडी. दगडी तळखड्यावर सागवानी खांब, खांबावर हस्त (आडवा लाकडी टेकू), त्यावर तुळई. मोजमाप खणांत. खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, साधारण पाच-सहा फूट. पाच खणांच्या धर्मशाळेत गाठोड्यांसकट दहा-बारा माणसं झोपायची. मागच्या भिंतीत दिव्याचे कोनाडे, कोनाड्यांच्या मध्ये खुंट्या, कोपऱ्यात तीन दगडांची चूल. दार नाही, कुलूप नाही. सामानाची राखण ज्याची त्याने करायची, म्हणून गाठोडं उशाला घेऊनच झोपायचं.

अशी वास्तू आज सापडली तर ती शाळा, गोदाम, मंडळाचं कार्यालय किंवा रेशनचं दुकान झालेली असते. खणांमध्ये विटांच्या भिंती भरलेल्या असतात, पण खांबाचा तळखडा बाहेर डोकावतोच. मोजपट्टी इथे काढायची. पुढच्या बाजूची उघडझाप सारख्या अंतरावर असेल आणि ते अंतर पाच-सहा फूट भरत असेल, तर भरलेल्या भिंतीमागे ओवरी आहे असं समजायला हरकत नाही.

वय कौलांवरून ठरवू नका. मंगळुरी कौल बासेल मिशनच्या कारखान्यात १८६५ पासून निघू लागलं, म्हणजे तसलं कौल असलेलं छप्पर त्यानंतरचं. पण छप्पर परतणं, बदलणं हे चालूच असतं. जोतं शंभर वर्षांनी जुनं असू शकतं. कौल उलटं करून पाहायला मिळालं तर मागच्या बाजूला कारखान्याचं नाव उठवलेलं दिसतं. त्यासाठी शिडीवर चढू नका. परसात रचून ठेवलेली फुटकी कौलं पुरतात.

आणि भिंत पाहाच. खाडीकाठच्या बहुतेक जुन्या भिंतींना लोणा लागलेला असतो. चुन्यात बांधलेली भिंत जमिनीतली ओल शोषते आणि हवेत सोडते. पुढे कुणीतरी ‘मजबुती’ म्हणून तिला सिमेंटचा गिलावा करतं. ओल आत कोंडते, भिंतीतून वर चढते आणि गिलावा जिथे संपतो तिथून बाहेर पडते. पाणी उडून जातं, खाडीचं मीठ छिद्रांत राहतं. त्याचे खडे वाढतात, दगड-विटेचा वरचा थर पिठासारखा गळू लागतो. मग लोक गिलावा आणखी फूटभर वर नेतात, लोणाही फूटभर वर जातो. उपाय कंटाळवाणा आहे: सिमेंट खरवडून काढायचं, भिंत एक पावसाळा सोडून कोरड्या दिवसांत उघडी ठेवायची, फुललेलं मीठ कोरड्या ब्रशने झाडायचं (धुवायचं नाही, धुतलं की ते पुन्हा आत जातं), आणि मग एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू असा गिलावा द्यायचा. वाळू खाडीची वापरली तर सगळी मेहनत फुकट.

दुपारी मामलेदार कचेरीजवळची मिसळ. तिखट झेपत नसेल तर आधीच सांगावं. मग मराठी ग्रंथसंग्रहालय; १ जून १८९३ ला सुरू झालेल्या या संस्थेत ठाण्यावरचं वाचायला एक दुपार अपुरीच. १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर कुठेही मिळालं तर त्यात गावांच्या नोंदी पाहा. धर्मशाळा, बंगला, टपाल कचेरी, तर (होडीने पैलतीरी जायची सोय) असे उल्लेख गावागणिक येतात. पनवेलही त्यातच सापडेल, कारण ते १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होतं. कुलाबा जिल्ह्याची कागदपत्रं चाळत बसलेल्या अभ्यासकांची इथे बरीच दमछाक होते.

चारनंतर कोर्ट नाक्यावरून कारागृहाच्या कडेने कळवा पुलाकडे. हे कारागृह म्हणजे ठाण्याचा जुना किल्ला. तो पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी. आज मध्यवर्ती कारागृह असल्यामुळे आत जाता येत नाही. बाहेरून फोटोही काढू नका. ठाण्यातला सर्वांत गाजलेला मुक्काम इथलाच, अर्थात सक्तीचा. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६ च्या सप्टेंबरात इथल्या इंग्रजांच्या कैदेतून निसटले. पहाऱ्याला गोरे शिपाई होते. मराठी मोतद्दार घोड्याला खरारा करताना गाणी म्हणत असे आणि निरोप त्या गाण्यांत असे. शिपायांना सूर कळला, शब्द नाही. कलकत्त्याचे बिशप हेबर यांनी १८२५ च्या आपल्या प्रवासात ही हकिकत टिपून ठेवली.

साडेचार-पाचला ओहोटी. पुलावरून खाली पाहिलं की मघाची रुंद खाडी आक्रसलेली दिसते. मध्ये पाण्याचा पट्टा, दोन्हीकडे चकचकीत गाळ. ठाण्याच्या दक्षिणेला जाणाऱ्या प्रत्येक होडीला हा पट्टा पुन्हा रुंद होईपर्यंत थांबावं लागे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली गाडी ३४ किलोमीटर कापून दीड तासाच्या आत ठाण्याला आली, पुढच्या वर्षी रूळ खाडी ओलांडून कल्याणला गेले, आणि थांबण्याचं कारणच संपलं. ठाण्याच्या बंदरावरचे मुक्काम कुणी पाडले नाहीत. त्यांच्याकडे यायचं लोकांनी सोडलं, एवढंच.

दुसरा दिवस : ऐरोली ते बेलापूर

ठाणे-पनवेल लोकलने ऐरोली. कळवा-विटावा मार्गे रस्त्यानेही येता येतं, पण सकाळच्या वाहतुकीत वेळेचा भरवसा नाही आणि आज वेळ पाण्याच्या हातात आहे.

ठाणे खाडीचा ऐरोलीकडचा काठ २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग आहे, २०२२ पासून रामसर स्थळांच्या यादीतही. वनखात्याच्या केंद्रातून बोट सुटते. तिचं वेळापत्रक भरतीप्रमाणे रोज बदलतं, म्हणून जागा आधी राखून ठेवा आणि वेळेच्या अर्धा तास आधी पोचा. बोट तुमच्यासाठी थांबली तरी पाणी थांबत नाही. आज भरती अकराच्या आसपास. पक्षी पाहायचे असतील तर भरती उतरू लागल्यानंतरची फेरी बरी, कारण गाळ उघडा पडायला लागला की फ्लेमिंगो चरायला पुढे सरकतात.

जुनी जलवाट समजून घ्यायला मात्र बोट चालवणाऱ्याकडे पाहा. तो सरळ जात नाही. खाडीचा खोल पट्टा नागमोडी आहे; वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी खोल, आतल्या बाजूला गाळ साचलेला. शिडाच्या पडावाला, म्हणजे मालाच्या मोठ्या होडीला, हे शिवाय वाऱ्याशी जुळवायचं असे. कोरड्या हंगामात दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, म्हणून मुंबईहून आत यायचं तर चढती भरती आणि दुपारचा वारा एकत्र गाठायचा. परत जायचं तर पहाटेचा जमिनीवरचा वारा आणि ओहोटी. दोन्ही जुळणारे दिवस पंधरवड्यात थोडेच, बाकीच्या दिवशी वल्ही. तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, अंदाज चुकला की पडाव गाळात बसे. चढत्या पाण्यात बसला तर तासाभरात सुटतो. उतरत्या पाण्यात बसला तर पुढच्या भरतीपर्यंत, म्हणजे दहा-बारा तास. उतारू कंबरभर गाळातून काठाला चालत जात नसत. आजही तसा प्रयत्न करू नका. तिवरांच्या मुळांत पाय अडकतो, गाळ गुडघ्याला धरतो आणि भरती पाठीमागच्या ओहोळातून आधी येते.

बोटीतून उतरल्यावर गावठाणं. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली, शहर वाढत गेलं, पण दिवा, रबाळे, गोठिवली, तळवली, घणसोली ही गावं सेक्टरांच्या मध्ये आपापल्या उंचवट्यावर तशीच आहेत. उंचवटा हा शब्द शब्दशः घ्या. रस्त्यावरून गावठाणात शिरताना पायाला चढ लागतो. खाली होती ती खाजणं, बांध घालून केलेली खारजमीन आणि मिठागरं. बांधाला उघाडी, म्हणजे ओहोटीला आतलं पाणी सोडणारं आणि भरतीला बाहेरचं अडवणारं दार. माणसं, देव आणि विहीर वर.

विहीर का वर, हे नीट पाहण्यासारखं आहे. खाडीकाठी जमिनीखाली खारं पाणी असतंच. पावसाचं मुरलेलं गोडं पाणी हलकं, ते खाऱ्यावर तरंगत राहतं. उंचवटा जितका मोठा तितका हा गोड्या पाण्याचा थर जाड. विहीर त्या थरापुरतीच खोदायची. जास्त खोल गेलं किंवा एका दमात जास्त उपसलं, की खालचं खारं पाणी वर ओढलं जातं आणि विहीर मचूळ होते. चैत्र-वैशाखात तर न उपसताही होते. म्हणून उतारूंच्या विहिरी रुंद आणि उथळ: एकाच वेळी चार-सहा पोहरे पडले तरी पातळी फारशी खचू नये. अरुंद आणि खोल विहीर दिसली तर ती डोंगरपायथ्याची, खाडीकाठची नव्हे. आता बहुतेक विहिरींना जाळी आहे. बॅटरीने काठाची बांधणी पाहा, पाणी पिऊ नका.

आणि ‘सगळ्यांसाठी’ची गोष्ट. पार, विहीर, धर्मशाळा यांवर धर्मादाय म्हणून कुणाचंही नाव कोरलेलं असो, अस्पृश्य मानलेल्या जातींच्या वाटसरूला ओसरी मिळत नसे आणि पोहरा टाकता येत नसे. त्याचा मुक्काम गावाबाहेर, पाणी कुणी ओतलं तर. ४ ऑगस्ट १९२३ ला सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला: सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने सर्वांना खुले. कागदावर खुले झाले. प्रत्यक्षात काय होतं ते महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ ला दिसलं. धर्मशाळेचा इतिहास सांगताना लोक दानशूर शेटजींपाशी थांबतात. ठरावात ‘धर्मशाळा’ हा शब्द मुद्दाम का घालावा लागला, हे त्यांना विचारावंसं वाटतं.

दुपारची लोकल धरून बेलापूर. रिक्षाने किल्ले गावठाण, तिथून पायी. किल्ल्याचं आता थोडंच उरलं आहे, बुरूज आणि काही भिंती. झाडांच्या मुळांनी दगड सुटे केलेले असतात, त्यांच्यावर चढू नका. सिद्दी, मग १६८२ मध्ये पोर्तुगीज, मग चिमाजी अप्पांच्या काळात मराठे, आणि जून १८१७ मध्ये कॅप्टन चार्ल्स ग्रे याच्या हातून कंपनीकडे, असा त्याचा प्रवास. पोर्तुगीज कागदांतलं जुनं नाव शेजारच्या शहाबाज गावात अजून जिवंत आहे.

किल्ला इथेच का, याचं उत्तर दिवाळे कोळीवाड्याच्या धक्क्यावर पाचच्या सुमारास मिळतं. मुंबईकडून येणारी होडी इथे मोठ्या खाडीतून पनवेलच्या खाडीत वळते. आत शिरायला चढतं पाणी हवं. ते नसेल तर तोंडाशी नांगर टाकून वाट पाहायची. थांबलेली होडी तपासायला सोपी, तिची जकात घ्यायला सोपी, आणि लढाई असेल तर मारायलाही सोपी. ओहोटीला धक्क्याच्या होड्या गाळावर कलंडलेल्या असतात. जाळी दुरुस्त करणारी माणसं कामात असतात, फोटोआधी विचारा. मासळी घ्यायची असेल तर मात्र संध्याकाळी नको, सकाळी या.

तिसरा दिवस : पनवेल

मुंबई-पुणे प्रवासात पनवेल म्हणजे पाणी संपून चाक सुरू होण्याची जागा. मुंबईहून होडीने इथवर, पुढे खोपोलीपर्यंत सपाटी, मग बोरघाट. १७७८ च्या नोव्हेंबरात पुण्यावर निघालेली कंपनीची फौजही याच वाटेने पनवेलला उतरली. हजारो बैलांचा लबेदा बरोबर असल्यामुळे घाट चढायला तिला इतका वेळ लागला की मराठ्यांना सगळी तयारी करता आली, आणि १७७९ च्या जानेवारीत वडगावला कंपनीला तह करावा लागला. होडीतून उतरलेलं ओझं चाकावर चढवायला किती दिवस लागतात, हा प्रश्न पनवेलला फौजेलाही सुटला नव्हता.

स्टेशनवरून रिक्षाने टपाल नाका, तिथून पायी बंदर रोड आणि कोळीवाडा. टपाल नाका या नावात जुन्या मार्गाची खूण आहे; मुंबई-पुणे टपालही पनवेलवरूनच जात असे. भरती आज बाराच्या सुमारास, त्यामुळे साडेअकरापर्यंत पाण्याशी पोचा. गाढी नदी माथेरानच्या बाजूच्या डोंगरांतून येऊन इथे खाडीला मिळते. भरतीला नदीचं पाणी मागे ढकललं जातं आणि तासभर प्रवाह उलटा चाललेला दिसतो. पाण्यावर तरंगणारा पालापाचोळा डोंगराकडे जाताना पाहिला की होड्या इतक्या आत कशा यायच्या ते कळतं. पावसाळ्यात हेच उलटतं. नदीला पूर आणि खाडीला उधाण एकाच वेळी आलं की पाण्याला जायला वाट राहत नाही, ते गावात शिरतं. २६ जुलै २००५ ला पनवेलकरांनी ते अनुभवलं आहे.

इथे मुक्कामाच्या दोन वेगळ्या दुनिया शेजारी शेजारी होत्या. एक धर्मशाळेची, जिचा नमुना पहिल्या दिवशी पाहिला. दुसरी साहेबांच्या बंगल्याची. ट्रॅव्हलर्स बंगला किंवा डाक बंगला म्हणजे सरकारी खर्चाने ठेवलेली दोन-चार खोल्यांची बैठी इमारत, भोवती व्हरांडा. आत टेबल, खुर्च्या, बिनगादीची खाट. अंथरूण उतारूने आणायचं. दिमतीला खानसामा, तो कोंबडी मारून जेवण रांधणार. ठरावीक भाडं द्यायचं, वहीत नाव, आल्याची-गेल्याची वेळ आणि तक्रार लिहायची. एक दिवस झाला आणि नवा उतारू आला की जुन्याने खोली सोडायची. धर्मशाळेत भाडं नाही, वही नाही, खानसामा नाही, शिधा मिळाला तर मिळाला. तरीही इतिहास बंगल्यांचा लिहिला गेला, कारण वह्या तिथे होत्या. धर्मशाळेत राहिलेल्या लाखोंनी मागे ठेवली ती चुलीच्या कोपऱ्यातली काजळी.

घाट १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात गाड्यांसाठी खुला झाला. त्याआधी माल लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून आणि माणसं पायी किंवा पालखीतून. नंतर देशावरचे गाडीवान थेट पनवेलच्या बंदरापर्यंत यायला लागले आणि गावाला नवा धंदा मिळाला: चाकं. ज्याला परवडेल तो दख्खनचा गाडीवान इथून चाकांची एक जोडी नेतो, अशी नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये आहे. कारण घाटातच आहे. उतारावर चाकाला साखळी बांधून ते फिरू न देता घसटत आणायचं; लोखंडी धाव, म्हणजे चाकावरचं कडं, एकाच जागी झिजते, आरे खिळखिळे होतात.

बैलगाडीचं चाक असं बनतं. मधला बाभळीचा तुंबा, त्यात बारा आरे, आऱ्यांच्या टोकांवर सहा पुठ्या (चाकाच्या घेराचे वाकडे तुकडे), प्रत्येक पुठीत दोन आरे. इथवर सगळं लाकूड, सांधे नुसते ठोकून बसवलेले. खरी कसोटी धावेची. लोखंडी पट्टीचं कडं लाकडी चाकापेक्षा किंचित लहान करायचं, गोवऱ्यांच्या आरात लाल होईपर्यंत तापवायचं, तिघाचौघांनी सांडशींनी उचलून चाकावर टाकायचं, घणाने बसवायचं आणि लाकूड पेटायच्या आत वरून पाणी ओतायचं. कडं आकसतं आणि सगळे सांधे आवळून घेतं. जास्त लहान झालं तर आरे वाकतात किंवा पुठी फुटते. मोठं राहिलं तर आज चालतं, पण उन्हाळ्यात लाकूड सुकलं की धाव वाजायला लागते. वाजणारी धाव घेऊन घाट चढत नाहीत. चाक काढून रात्रभर नदीत बुडवून ठेवायचं, लाकूड फुगतं. मात्र त्यासाठी नदीत भरतीच्या हद्दीच्या वर जायला हवं, खारं पाणी धावेला खातं. म्हणजे गाडीवानाचा तळ होडीवाल्याच्या मुक्कामापासून दूर, गोड्या पाण्याशी. जुन्या पनवेलात धर्मशाळा शोधताना ही दुसरी जागाही पाहायला विसरू नका. चाकांना आणि बैलांना लागणारं पाणी जिथे, तिथे गाडीवानांची ओसरी.

१८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, तीही कल्याण-कर्जतवरून. पनवेल एकदम आडवाटेला पडलं. होड्या येत राहिल्या, पण मीठ, भात, लाकूड अशा मालासाठी. उतारू गेले.

संध्याकाळी पुन्हा नदीकाठी. आज ओहोटी सहाच्या पुढे, म्हणून उजेड असेपर्यंत पाणी पूर्ण उतरलेलं दिसणार नाही, तरी गाळाचे उंचवटे वर आलेले असतात. आज, चतुर्दशीला, भरतीच्या माथ्यावर कुणाचा पडाव रुतला तर चिंता नाही. उद्याची भरती आजच्याहून थोडी चढी, ती त्याला उचलेल. पौर्णिमेनंतर दोन-तीन दिवसांनी, उधाण उतरणीला लागल्यावर रुतला, तर पुढची प्रत्येक भरती आधीच्याहून बुटकी. मग अमावास्येचं उधाण येईपर्यंत पडाव जागचा हलत नाही. धर्मशाळेत तीन रात्रींहून जास्त राहायचं नाही, हा सर्वसाधारण शिरस्ता. उतारू दुसरी होडी धरून जात. तांडेल आणि खलाशी पडावावरच चूल मांडून पंधरा दिवस काढत, आणि पाण्याचे हंडे तेवढे धर्मशाळेच्या विहिरीवरून भरून नेत.